मेरूखालचा पापुद्रा

सतारीचा आवाज मुळात तार टेकण्यातूनच येतो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या हाडाला अगदी किंचित उतार दिलेला असतो. थरथरणारी तार त्या हाडाला हलकेच शिवत राहते आणि जवारी, म्हणजे सतारीचा झंकार, बोलू लागते. म्हणूनच सतारीत खरखर आली की पहिला संशय जवारीवर जातो. माझ्या मिरजेच्या सतारीबद्दलही इंदुरात ज्याला विचारावं तो म्हणायचा, "जवारी काढून घ्या."

माझ्या कानाला ही खरखर वेगळी वाटत होती. बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची तार मोकळी छेडली की झर्रर्र व्हायचं, आणि पहिल्या, म्हणजे तीव्र मध्यमाच्या पडद्यावर दाबली की स्वर स्वच्छ. दोष घोडीत असता तर तो दाबलेल्या स्वरातही ऐकू आला असता. तार खुंट्यांकडच्या टोकाला खाली बसून पहिल्या पडद्याला लागत होती.

त्या टोकाला हाडाची आडवी पट्टी असते, तो मेरू. त्याच्या खाचांत तारा बसतात. पोलादी तार वर्षानुवर्षं हाड कापत जाते. शिवाय पूर्वीच्या एका दुरुस्तीत ही पट्टी वरून जास्तच घासली गेली होती. तरीही हाड घट्ट होतं, कुठे चीर नव्हती. ते टाकून द्यायला मन धजेना. खाली काहीतरी सारून ते उचलायचं ठरलं. काय सारायचं, एवढाच प्रश्न होता.

हा प्रश्न बारीक वाटला तरी बारीक नाही. पडद्यावर दाबलेला स्वर पडदा आणि घोडी यांच्यामध्ये घुमतो, त्यात मेरूला फारसं काम नसतं. पण जोडीची आणि खरजाची तार बराच वेळ मोकळीच वाजते. तिची थरथर मेरूतून दांडीत उतरते. तिथे मऊ वस्तू असेल तर नाद तिथेच जिरतो.

मिरजेच्या एका जुन्या कारागिरांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, आधी कागदाच्या घड्या घालून उंची बघा. पण कागद तिथं ठेवू नका, पावसाळ्यात फुगंल." घोडी हलली तर तिची जागा कळावी म्हणून तबलीवर पेन्सिलीची खूण केली आणि तारा सैल केल्या. लाकडी ठोकळा टेकवून पट्टीला कडेने हलके टोले दिले. जुना सरस कडकन सुटला. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या खाली घातल्या, तारा चढवल्या, आणि खरखर गेली. उंची समजली: साधारण अर्धा मिलिमीटर. पण खरजाची तार बोळा कोंबल्यासारखी बोलत होती. पुठ्ठा दबतो आणि ओलही पितो, हे कानानेच सांगितलं.

मग कसेरा बाजारातून पितळेचा पातळ पत्रा आणला. कडक, एकसारखा, न दबणारा. आवाज खणखणीत झाला, पण गुळगुळीत धातूवर सरस धरेना आणि तार पिळताना पट्टी सरकू लागली. फेव्हिक्विकने ती चिकटली असती, पण मग पुढच्या माणसाला ती काढताना दांडीचं लाकूड सोलावं लागलं असतं. प्लास्टिकचं जुनं कार्ड ताणाखाली लवतं, म्हणून ते बाजूला ठेवलं. हाडाची चीप सर्वांत योग्य, पण हाताने इतकी पातळ घासताना ती तुटते. सांबरशिंगाचा विचारच नको; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याचा व्यापार बंद आहे, आणि ते योग्यच आहे.

शेवटी फर्निचरवाल्या सुताराकडून शिसवाचा पापुद्रा मिळाला. त्याचे तंतू पट्टीच्या लांबीत राहतील असा तो कापला, दांडीतल्या खाचेचा तळ सपाट केला, पापुद्रा टोकापासून टोकापर्यंत टेकतोय हे उजेडाकडे धरून पाहिलं. कुठे फट राहिली असती तर कितीही चांगलं लाकूड वाया गेलं असतं. मग पातळ सरस लावून बसवला. लाकूड आणि हाड, दोन्हींनाही सरस धरतो, आणि ऊब व ओल दिली की सोडतो. तारा चढवल्या. खरजाला तिचा घेर परत मिळाला.

इंदूर हे तसं तंतुवाद्यांचं, त्यातही बीनकारांचं, म्हणजे रुद्रवीणावादकांचं गाव. गायक अमीर खाँसाहेबांचे वडील शहमीर खाँ इथेच सारंगी वाजवायचे. जावऱ्याचे अब्दुल हलीम जाफर खाँ सतार शिकले ते इंदूरच्या बाबू खाँ बीनकारांकडे. आज मात्र माझ्या ओळखीचे वाजवणारे बारीकसारीक कामासाठीही वाद्य मिरजेला पाठवतात. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण ती सतार जिथे वाजते तिथे ती समजून घेणारे हातही हवेत. दोष कुठे आहे हे वाजवणाऱ्याने कानाने ओळखावं आणि खाली घालायची वस्तू तीन गोष्टींवर पारखावी: ती दबत नाही ना, पूर्ण टेकते ना, आणि उद्या कुणाला ती काढता येईल ना. यातली तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. वाद्य आपल्यापेक्षा जास्त जगतं, म्हणून आपली दुरुस्ती पुढच्याच्या वाटेत येता कामा नये.