श्मिटची चौथी सिंफनी : तीन ध्वनिमुद्रणे, एक मतभेद

आम्ही दोघी मराठीच्या प्राध्यापिका. पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण आम्हांला नाही. त्या संगीताची लिपी वाचतो ती बोट ठेवून, तिसरीतल्या मुलीने धडा वाचावा तशी. तेव्हा पुढील मजकूर जाणकारांचा नव्हे. एक रचना आम्ही तिघा संचालकांकडून पुन्हा पुन्हा ऐकली आणि तिच्यावरून आमचे दोघींचे बरेच दिवस पटेनासे झाले, एवढाच त्याला आधार.

फ्रान्त्स श्मिट (१८७४–१९३९) हे नाव आमच्यापर्यंत आले ते झुबिन मेहतांमुळे. मुंबईत जन्मलेले मेहता १९५४ साली व्हिएन्नाला शिकायला गेले. ज्या संगीत अकादमीत ते शिकले, तिचा श्मिट हा १९२५ पासून काही वर्षे प्रमुख होता. पुढे १९७१ मध्ये मेहतांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून त्याची चौथी सिंफनी ध्वनिमुद्रित केली. आम्ही ती घेतली ती मेहतांचे नाव पाहून. श्मिट कोण, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

सिंफनी १९३३ सालची. उत्तर-रोमँटिक संगीताचे दिवस सरले असे म्हटले जात असतानाची. पाऊण तासाची ही रचना मध्ये कोठेही थांबत नाही. चार भाग एकमेकांत मिसळत जातात. प्रारंभी एकटा ट्रम्पेट एक लांबलचक धून वाजवतो. साथीला कोणीही नाही. (ट्रम्पेटला येथे तुतारी म्हणण्याचा मोह टाळला आहे, तुतारी म्हटली की मराठीच्या विद्यार्थ्याला केशवसुत आठवतात, आणि ही धून कोणालाही हाक देत नाही, जागेही करत नाही.) ती मुक्कामाला पोचल्यासारखी वाटते आणि पुन्हा भलत्याच स्वराकडे सरकते. दुसऱ्या भागात चेलो एकट्याने गातो. माहलरच्या काळात व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराच्या वाद्यवृंदात श्मिट स्वतः चेलो वाजवत असे, त्यामुळे हे गाणे त्याच्या हातातले आहे. त्याच भागात पुढे पडघमाच्या ठोक्यांवर अंत्ययात्रेची चाल सुरू होते. मग एक वेगवान भाग, तो एका आघातात कोसळतो, आणि त्या पडझडीतून पहिली धून परतते. शेवटी बाकीची वाद्ये एकेक करून गप्प होतात आणि ट्रम्पेट पुन्हा एकटा उरतो.

श्मिटची एकुलती एक मुलगी एमा १९३२ मध्ये बाळंतपणानंतर वारली. ही सिंफनी तिच्यासाठी आहे.

ही रचना उपेक्षित का राहिली, याचे एक उत्तर संगीताबाहेर आहे. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केला गेल्यावर नाझी राजवटीने श्मिटचा उदोउदो केला आणि त्यानेही त्या राजवटीच्या गौरवाची एक रचना हाती घेतली. ती अपुरी टाकून तो १९३९ च्या फेब्रुवारीत गेला. त्याची पहिली पत्नी मनोरुग्णालयात होती. तिला १९४२ मध्ये त्याच राजवटीने मारले. हे वाचल्यावर सिंफनी महिनाभर कपाटात राहिली. पुन्हा लावली तेव्हा ती आधीसारखीच भिडली, आणि ते काही फारसे सुखाचे वाटले नाही.

आता मतभेदाचे. वर्गात ‘राजहंस माझा निजला’ शिकवताना आम्ही दोघीही बजावतो, की येथे बोलते ती आई, आणि कवी आहेत गोविंदाग्रज. कवितेतला शोक कवीच्या चरित्रात शोधत बसू नका. श्मिटच्या बाबतीत मात्र आमच्यातली एक एमाचा मृत्यू समजल्यावर चरित्राखेरीज काही ऐकेचना. तिची थोरली बहीण १९९८ साली बाळंतपणात गेली. दुसरीने हे जाणून बरेच दिवस वाद घातला नाही, आणि मग एका संध्याकाळी घातलाच.

वादाचा विषय शेवटचा ट्रम्पेट. मेहतांच्या मुद्रणात व्हिएन्नाच्या तंतुवाद्यांची ऊब अशी, की चेलोच्या गाण्याला सोन्याचा मुलामा चढतो आणि अखेरचा एकटेपणाही अलंकृत वाटतो. पहिलीला हे सौंदर्य जिव्हारी लागे. दुसरीचे म्हणणे, घाट राखल्याशिवाय शोकाची कविता होत नाही, आणि मेहता घाट राखतात. किरिल पेत्रेन्कोंनी बर्लिन फिलहार्मोनिककडून २०१८ मध्ये वाजवून घेतली तीत ऊब कमी, ताण अधिक. प्रत्येक वाद्य निराळे ऐकू येते. अंत्ययात्रेच्या कळसाला आम्ही दोघीही खुर्चीत ताठ झालो. पण तेथला ट्रम्पेट आम्हांला फार जाणता वाटला. काय घडले आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि ते आपल्यालाही कळावे असा त्याचा आग्रह आहे.

उरले फ्रान्त्स व्हेल्झर-म्योस्ट, लंडन फिलहार्मोनिकसह, १९९० च्या दशकातले. दुसरीला ते प्रथम कोरडे वाटले. कोठे रेंगाळणे नाही, उसासा नाही. शेवटची धून सुरुवातीच्याच मोकळ्या, सरळ आवाजात येते, मधल्या पाऊण तासात जणू काही झालेच नाही. दुसरीने ते बोलून दाखवले. पहिली बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने आपल्या वडिलांच्या सायकलीविषयी सांगितले.

ते शाळेतून आले, की फाटकाशी सायकल टेकवताना दोनदा घंटी वाजवीत. ती ताईसाठी असे. ती धावत जाऊन हँडलची पिशवी काढून घेई. लग्न होऊन ती सासरी गेली तरी घंटी वाजतच राहिली, सवय म्हणून. ती गेली त्यानंतर तेराव्या दिवसापर्यंत वडील घरातून बाहेर पडले नाहीत. चौदाव्या दिवशी शाळेत गेले, संध्याकाळी आले, आणि फाटकाशी घंटी वाजली. दोनदा. हळू नाही, कापरी नाही, रोजच्यासारखी. स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत होती, तिचे हात थांबले. बाळ पाळण्यात होते.

वडिलांनी स्वतःच पिशवी काढून आत आणली आणि ओट्यावर ठेवली.

आम्ही व्हेल्झर-म्योस्टची तबकडी पुन्हा सुरुवातीपासून लावली. त्या संध्याकाळी घाटाबद्दल दुसरी काही बोलली नाही. मेहतांचे मुद्रण तिला अजूनही अधिक आवडते. मात्र दोघी बरोबर ऐकायला बसतो तेव्हा ते निघत नाही.