तीस वर्षांत मला कुणी मारलंच नव्हतं

चौदा सेकंदांचा तो व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या, भावकीच्या आणि कंपनीच्या ग्रुपवर फिरून झाला, त्याला आता पाच महिने होतील. अजूनही कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसलो की कुणीतरी विचारतंच, "वस्ताद, तो व्हिडिओ तुमचाच ना?" माझाच आहे. पांढरा सदरा, कमरेला भगवा शेला आणि समोरच्यानं दोन्ही पाय धरून उचलल्यावर गादीवर पाठ टेकलेला माणूस, तो मीच.

मी मूळचा ताथवड्याचा. नृसिंहाचं देऊळ, सरकारी वळूमाता प्रक्षेत्र आणि ज्वारीची रानं, एवढंच गाव आमच्या लहानपणी होतं. २००९ ला महापालिकेत गेलो, कॉलेजं आली, टॉवर आले. मी चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये आहे. शिफ्ट सांभाळून पंचवीसेक मुलामुलींना मर्दानी खेळ शिकवतो, लाठी, दांडपट्टा, भाला, विटा. फी घेत नाही. मी स्वतः तेराव्या वर्षी शिकायला लागलो. माझे वस्ताद कोल्हापूरकडे शिकलेले होते. ते गेल्यावर त्यांचा पट्टा माझ्याकडे आला. एवढी ओळख पुरे.

जानेवारीत हायवेच्या सर्व्हिस रोडला एक नवी जिम सुरू झाली. काचेची दर्शनी भिंत, आत निळ्या गाद्या, जाळीचा पिंजरा. बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, जिउजित्सू आणि सगळ्याचं मिळून एमएमए. उद्घाटनाला आमच्या मुलांनी पाच मिनिटं प्रात्यक्षिक करावं, असं त्यांनी बोलावलं. आम्ही गेलो. हलगी वाजली, पोरांनी लाठी फिरवली, मी जमिनीवर झोपलेल्या मुलाच्या पोटावरचं लिंबू पट्ट्यानं कापलं. टाळ्या झाल्या. मग तिथल्या कोचनं माइक घेतला. अठ्ठावीस-तीसचा मुलगा, बोलायला अदबशीर. "दादा, अप्रतिम. पण खऱ्या मारामारीत हे चालेल का? एक हलकी फेरी खेळूया? नुसते हात-पाय, हत्यार नाही."

मला कुणी ढकललं नव्हतं. माझी पोरं बघत होती आणि मी हो म्हणालो.

त्या चौदा सेकंदांचा मी जितका विचार केलाय तितका लेकीच्या लग्नाचाही केला नसेल. मी पवित्रा घेतला. उजवा पाय पुढे, गुडघा वाकलेला, छाती उघडी, दोन्ही हात फिरायला मोकळे. हा पवित्रा पट्ट्यासाठी आहे. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत लोखंडी खोळीत असते, मनगट वळत नाही, म्हणून अख्खं अंग फिरवावं लागतं आणि पाय त्या फिरण्यासाठीच ठेवलेले असतात. हातात पट्टा नसताना तेच पाय तसेच ठेवायला मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. दुसरं काही मला येतच नव्हतं, म्हणून तसा उभा राहिलो.

त्यानं डाव्या हातानं माझ्या कपाळावर हलकेच टपली मारल्यासारखं केलं. मोठा ग्लव्ह होता, लागलं नाही. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी माझे डोळे मिटले. सगळा निकाल त्या मिटण्यात आहे. तीस वर्षांत माझ्या डोळ्यांसमोरून काठ्या गेल्या, तलवारी गेल्या, पण लागावी म्हणून एकही आली नव्हती. समोरचा वार कुठून येणार, कितव्या ठेक्याला येणार, कुठे थांबणार हे मला कायम माहीत असायचं, कारण ते आमचं ठरलेलं असायचं. डोळे उघडले तेव्हा त्याचं डोकं माझ्या बरगडीशी होतं, हात गुडघ्यांमागे होते, आणि वरचा ट्यूबलाइट मला सरळ दिसत होता. पडताना माझं डोकं आपटू नये म्हणून त्यानं एक तळवा मानेखाली धरला होता. ते व्हिडिओत दिसत नाही, म्हणून इथे नोंदवतो.

मी उठलो आणि म्हणालो, आता काठी घेऊन खेळू. त्यांच्याकडे लहान मुलांसाठी फोम गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या होत्या. एक त्याला, एक मला. तीन मिनिटं खेळलो. माझी पोरं मोठ्यानं मोजत होती. मनगटावर, गुडघ्यावर, खांद्यावर मिळून अकरा वेळा माझी नळी त्याला लागली. तो तीनदा आत घुसायला आला, दोनदा मागे फिरला. तिसऱ्यांदा नळी अंगावर घेत घेत आत आला आणि मला पुन्हा पाडलं.

दोन्ही फेऱ्यांचं शूटिंग झालं होतं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला तो पहिल्या फेरीचा. वर अक्षरं होती : पारंपरिक विरुद्ध एमएमए, निकाल लागला. दुसरी फेरी नाही, अकरा नाहीत, मानेखालचा तळवाही नाही. आम्ही त्यांच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून गेलो होतो. पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि त्याच्या ताटाचा फोटो काढून गावभर दाखवायचा, यातला हा प्रकार. मी फोन केला, पूर्ण व्हिडिओ टाका म्हणालो. तिथलं मार्केटिंग बघणाऱ्यानं सांगितलं, "सर, लोक तीन मिनिटं बघत नाहीत." मी दोनदा प्रत्यक्ष गेलो. दुसऱ्यांदा तासभर सोफ्यावर बसवून ठेवलं. पूर्ण व्हिडिओ आजपर्यंत कुठे आलेला नाही. आठवीतल्या एका मुलाला त्या आठवड्यात शाळेच्या बसमध्ये पोरांनी लिंबू दाखवून चिडवलं, तो नंतर दोन महिने सरावाला आला नाही. हे मी विसरणार नाही.

महिनाभर मी भेटेल त्याला दुसऱ्या फेरीबद्दल सांगत सुटलो होतो. मग एका रविवारी चुलत भावाचा मुलगा घरी आला. तो पैलवान आहे, तालमीत असतो. सगळं ऐकून म्हणाला, "काका, त्यानं काठी आयुष्यात पहिल्यांदा धरली होती. आणि तरी तो एकदा आत आला."

मला राग आला. राग यावा असंच ते होतं, कारण ते खरं होतं.

हा मुलगा मधेच त्याच जिममध्ये जाऊन आला होता, मला न सांगता. कोचशी नुसती पकड खेळला आणि ढाक लावून त्याला पाडला, एकदा नाही, चारदा. गुद्दे सुरू झाल्यावर मात्र याची पंचाईत झाली, तेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. आता सांगा, कुस्ती काय आधुनिक आहे? ती माझ्या पट्ट्याइतकीच जुनी, किंबहुना त्याहून जुनी. तीच लाल माती, तेच ताक, हळद आणि तेल घातलेला हौदा, तोच लंगोट. मग माझे डोळे मिटतात आणि त्याची पकड सुटत नाही, याचं कारण काय? तो पहाटे साडेचारला उठून ज्याच्याशी लढत करतो, तो याला खरोखर पाडायला आलेला असतो. रोज. आजारी असला तरी.

खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मातीतलेच होते. गादीवरचे नियम नवे, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गादी शिकायला त्यांना माती विसरावी लागली नाही. आजही महाराष्ट्र केसरीत माती विभाग आणि गादी विभाग वेगळे खेळतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. २०२३ च्या जानेवारीत कोथरूडला आपल्या खेड तालुक्यातला शिवराज राक्षे गादीतून आला, महेंद्र गायकवाड मातीतून आला. राक्षेनं अंतिम कुस्ती मिनिटाच्या आत चितपट केली. दोघंही कात्रजला काका पवारांच्याच तालमीतले. अशा ठिकाणी जुनं-नवं हा वाद कुणी घालत बसत नाही, कारण रोजच निकाल लागतो.

आमच्याकडे निकालच लागत नव्हता. २०१७ मध्ये चीनमध्ये चेंगदूला शू श्याओदोंग नावाच्या एमएमएवाल्यानं ताई-चीच्या एका गुरूला काही सेकंदांत खाली घेतलं. तो व्हिडिओ माझ्याच पोरांनी मला दाखवला होता. तेव्हा मी म्हणालो होतो, ते चिनी नाटक आहे, आपलं तसं नाही. हे वाक्य आज मला खातं. जपानात जिगोरो कानोनं १८८२ मध्ये जुन्या जुजुत्सूतून ज्यूदो उभा केला तेव्हा त्यानं जीवघेणे डाव मोकळ्या सरावातून बाजूला ठेवले, आणि उरलेले डाव खऱ्या विरोधावर पूर्ण ताकदीनं घासून घेतले. सगळ्यात भयंकर डाव ज्याला येतात तो बलवान, असं मी समजत होतो. पण जो डाव कधी कुणावर पूर्ण टाकलाच नाही, तो आपल्याला येतो असं म्हणायचं कशाच्या जोरावर?

आणि आपल्याकडे हे नव्हतं असं नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. फरी-गदगा हा खेळ आता प्रात्यक्षिकात नावाला दाखवतात. फरी म्हणजे चामड्याची छोटी ढाल, गदगा म्हणजे चामडं चढवलेली काठी. चामडं कशासाठी चढवलं असेल? मारायचं म्हणूनच ना? आपल्या पूर्वजांनी सरावात एकमेकांना खरोखर मारता यावं म्हणून ही वस्तू केली आणि आम्ही ती हलगीच्या ठेक्यावर चार चार वार मोजून वाजवत बसलो. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हत्यारं परवान्याखाली आली, लढाया तर आधीच संपल्या होत्या. मग मिरवणूक उरली, आणि मिरवणुकीत कुणी कुणाला मारत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ ला बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आली, ते मोठंच काम. पण तेही दाखवणंच होतं.

१९ फेब्रुवारी २०२४ ला आग्र्याच्या किल्ल्यात दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला तेव्हा मी पेढे वाटले होते. त्याआधी २०२२ ला पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पंजाबचा गटका, केरळचं कळरीपयट्टू, मणिपूरचं थांग-ता घेतलं गेलं, आपला मल्लखांबही होता. मर्दानी खेळ नव्हता. त्या वेळी मी तावातावानं बोललो होतो. आज वाटतं, गटकावाल्यांनी ढाल-काठीचे गुण मोजायचे नियम बसवले, सामने घेतले, हरले-जिंकले. आम्ही जयंत्यांना गेलो.

पालकांना मात्र एक सांगायचंय. पोरीला कुठेही घाला, तालमीत, कराटेला, त्या काचेच्या जिममध्ये किंवा माझ्याकडे, पण आधी एक तास कोपऱ्यात बसून बघा. समोरची मुलगी तिच्या मनाविरुद्ध काही करतेय का? की दोघी मिळून ठरलेलं करताहेत? ठरलेलंच असेल, तर तो व्यायाम आहे, चांगलाच आहे, पण त्यावर स्वसंरक्षण हा शब्द लिहिलेला असेल तर तो पुसायला सांगा. आमच्या मैदानाच्या फलकावर तो शब्द मीच रंगवला होता, लाल रंगात, हातभर. मार्चमध्ये मीच त्यावर पांढरा हात मारला.

तरी लिंबू कापायचं मी थांबवलेलं नाही, थांबवणारही नाही. मारामारीत पट्टा घेऊन कोण येणार आहे, हे मलाही कळतं. पण पोटावर लिंबू ठेवून झोपलेला मुलगा श्वास रोखून माझ्याकडे बघतो, पट्ट्याचं पातं वरून येतं, लिंबाच्या दोन फाका होतात आणि कातडीला ओरखडा नाही, तेव्हा माझ्या वस्तादांचा हात माझ्या हातात असतो. हे कशाला उपयोगी आहे, असं मला कुणी विचारू नये. मघाशी मीच उपयोगाचं एवढं बोललो, तरी.

एप्रिलपासून शनिवारी संध्याकाळी आम्ही वेगळं खेळतो. क्रिकेटची हेल्मेटं, कापूस भरलेले हातमोजे, आणि कंपनीतल्या पॅकिंगच्या फोमची भंगारातून पैसे भरून घेतलेली पट्टी गुंडाळलेल्या वेळूच्या काठ्या. हलगी नाही. वार मोजून ठरवायचे नाहीत. पहिले तीन शनिवार पोरांचे डोळे मिटत होते, माझेही. दोन आयांनी मुलं काढून घेतली. त्या जिमच्या कोचला मी निरोप पाठवला होता, तो एकदा येऊन गेला, कॅमेरा न घेता. पायांकडे बघून म्हणाला, "दादा, मागची टाच उचला."

गेल्या शनिवारी नववीतल्या एका मुलीनं माझ्या उजव्या मनगटावर चार वेळा काठी लावली. चौथ्या वेळी मी डोळे उघडे ठेवून बघत होतो आणि तरी ती लागली. मनगट अजून सुजलेलं आहे, पट्ट्याची मूठ दोन दिवस नीट धरता आली नाही.