फियाटचा टप

गेल्या दिवाळीत अण्णांनी त्यांची गाडी माझ्या नावावर करून दिली. गाडी म्हणजे १९७१ ची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगपाशी. अण्णांनी ती १९९६ साली सेकंडहँड घेतली आणि उपसा सिंचनाच्या नोकरीत विष्णुपुरीच्या बंधाऱ्यावर रोज नेली. (आमच्या गल्लीत तिला सगळे 'डुक्कर फियाट' म्हणतात. खरी डुक्कर फियाट म्हणजे १९६४ च्या आधीची, गोल पाठीची. पण हे गल्लीला कोण सांगणार!) आता गुडघ्यांमुळे त्यांना क्लच दाबवत नाही.

"आता तुझी गाडी. काय करायचं ते कर," म्हणाले.

हे वाक्य मी जरा जास्तच मनावर घेतलं.

तर झालं असं की पुण्यात रात्री जागून मी गाड्यांचे टप 'चॉप' करण्याचे व्हिडिओ पाहायचो. वरातीसाठी अ‍ॅम्बॅसेडरचा टप उडवून ओपन गाडी केलेली तुम्ही पाहिली असेल. चॉप म्हणजे ते नव्हे. चॉपमध्ये काचांच्या मधले खांब (पिलर) आडवे कापायचे, प्रत्येकातून तीन-चार इंचांचा तुकडा काढायचा आणि टप खाली आणून परत वेल्ड करायचा. गाडी एकदम बुटकी, दबा धरून बसल्यासारखी दिसते. अमेरिकेतल्या बॅरिस बंधूंच्या वर्कशॉपने १९५२ मध्ये १९५१ ची एक मर्क्युरी अशी कापली होती, ती आजही लोक देवासारखी पाहतात. आपलीही अशी व्हावी असं डोक्यात बसलं. तीन इंच फक्त!

शाळेतला एक मित्र डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. त्याला सगळे मिस्तरीच म्हणतात. तो म्हणाला, "होतंय की. पत्राच तर हाय." मी इंजिनिअर, तो मिस्तरी, आमच्याकडे ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन. अजून काय पाहिजे?

अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "चांगल्या गाडीला एकदम कशाला हात लावायलाव? एखादा भंगारातला डबा आणा. त्याच्यावर हात बसू द्या."

आणि चार दिवसांनी स्वतःच भंगारवाल्याकडून पद्मिनीची एक रिकामी बॉडी टेम्पोत घालून घेऊन आले. इंजिन नाही, कागद नाही, पुढची काच नाही. १९७४ पासून नाव पद्मिनी झालं तरी साचा आमच्या डिलाइटचाच. अकरा हजार रुपये त्यांनी पेन्शनमधून दिले. आई म्हणाली, "एक होती ती कमी होती का?"

पहिला शनिवार. कडुनिंबाखाली बॉडी चाकांच्या जागी विटांवर ठेवली, मास्किंग टेपने रेघा मारल्या आणि मिस्तरीने ग्राइंडर चालू केला. पुढचे दोन खांब कापले, मग मधले दोन. मला वाटलं, किती सोपंय! तेवढ्यात मिस्तरी म्हणाला, "दार उघड बरं." दार उघडेना. दोघांनी ओढलं तेव्हा कर्रकन उघडलं, आणि मग लागेना.

इथे माझी डिग्री उघडी पडली. मर्क्युरीला खाली शिडीसारखी स्वतंत्र चासी असते, बॉडी तिच्यावर नुसती बसवलेली. फियाटला तशी चासी नाही. तिची बॉडी हीच चासी, म्हणजे मोनोकॉक. दाराखालचा उंबरा, खांब आणि टप मिळून एक पेटी तयार होते आणि तीच वजन पेलते. टप सोडवला की पेटीचं झाकण गेलं. आमच्या डब्याचे उंबरे आधीच गंजलेले, त्यामुळे दोन टोकांवर उभी असलेली बॉडी मध्ये खचली आणि दाराची चौकट वरून आवळली गेली. कापायच्या आधी आतून चौकोनी पाइप आडवे-तिरपे वेल्ड करून बॉडी बांधून घ्यायची असते. व्हिडिओत ते दाखवलं होतं, मी फॉरवर्ड केलं होतं. :)

दुसऱ्या शनिवारी जॅक लावून बॉडी उचलली, पाइप मारले, मागचे खांब कापले आणि टप चौघांनी धरून तीन इंच खाली आणला. तर खांब एकमेकांवर बसेनात! पुढचा खांब वर जाताना मागे कलतो, साधारण तीस अंश. तो तीन इंच कापला की वरचं टोक खालच्या टोकापेक्षा पावणेदोन इंच मागे राहतं. मागचा खांब उलट पुढे कलतो, म्हणजे तिकडेही फट. थोडक्यात, टप खाली आला की तो आखूड पडतो. मग एकतर खांब वाकवा, नाहीतर टपच मधोमध आडवा कापून पट्टी घाला. तीन गुणिले टॅन तीस. हे गणित मी इथेच, घरापासून दीड किलोमीटरवरच्या श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलो, चांगले मार्कही पडले होते. असो.

आम्ही खांब वाकवले. मिस्तरीने सगळीकडे आधी लांब-लांब टाके मारले, कारण एका जागी सलग वेल्ड केलं की पातळ पत्रा तापून लाटा मारतो. तरी लाटा आल्याच. मागच्या काचेचं तर विचारूच नका. ती टफन्ड. अशी काच तापवून झटकन थंड केलेली असते, वरचा थर दाबाखाली आणि आतला ताणाखाली. एकदा टफन केल्यावर ती कापता येत नाही. काच-कटर फिरवून मिस्तरीने हलकं ठोकलं आणि दोघांच्या चपलांत साखरेसारखे खडे. म्हणजे खऱ्या गाडीला सगळ्या काचा नव्याने करून घ्याव्या लागणार.

त्या रात्री शेवटी कायदा वाचला. (आपण रिक्वायरमेंट नेहमी कोड लिहून झाल्यावरच वाचतो.) जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल सांगितलं की, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि जुलै २०२१ चे व्हिंटेज गाड्यांचे नियम: गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार केलेला चालत नाही. आमची डिलाइट वयाने त्यात बसते. ग्राइंडरच्या पहिल्या घासालाच बाहेर पडली असती. अर्थात व्हिंटेज नोंदणी केली तर गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच. आमची दर गुरुवारी बाजारात जाते. तेव्हा तेही नको.

तिसऱ्या रविवारी डबा उभा होता. लांबून, खरं सांगतो, झकास दिसत होता. अण्णा काठी टेकत आले. म्हणाले, "बसून बघू का?"

खालून एक खुर्चीची गादी ठेवली. वाकून, मान तिरपी करून ते आत शिरले आणि सरळ बसायला गेले तर डोकं टपाला टेकलं. अण्णा पाच फूट दहा. मान खाली घालूनच बसले. समोरच्या फटीतून बघत म्हणाले, "रस्ता दिसायलाय. झाडं दिसंनात."

मी काही बोललो नाही. आमच्या डिलाइटच्या टपाच्या आतल्या कापडावर ड्रायव्हरच्या बाजूला एक तेलकट गोल डाग आहे. पंचवीस वर्षं खड्ड्यांत उसळून अण्णांचं डोकं तिथे लागायचं. टप खाली घ्यायचा तर ते कापड आधी फाडावं लागणार होतं, आणि मी माझ्या यादीत 'जुनं लायनिंग काढणे' एवढंच लिहिलं होतं.

बाहेर काढताना मिस्तरीने एक हात धरला, मी एक. अण्णा कंबर सरळ करत म्हणाले, "काम चांगलं केलंय हो मिस्तरी. टाके मजबूत हायेत."

मग माझ्याकडे वळून, "चावी आण. वजिराबादला जाऊन येऊ, तुझ्या आईनं यादी दिलीय."

डबा अजून कडुनिंबाखालीच आहे. शेजारच्यांच्या कोंबड्या त्यात बसतात, त्यांना उंची पुरते. अण्णांनी मला तेव्हाच ठरवून अडवलं का, हे मी विचारलेलं नाही. वाटेत, आसर्जनच्या पुढे, एवढंच विचारलं की अकरा हजार वाया गेले का.

"गिअर खाली घे," म्हणाले, "चढ हाय."