कमेंट नसलेली पक्कड

तर मंडळी, या वीकेंडचा विषय आहे पक्कड. हसू नका!

स्क्रूच्या डोक्यावरची खाच एकदा का झिजली की स्क्रू ड्रायव्हर नुसता गरगर फिरतो. साध्या पकडीने डोकं धरावं तर तीही सटकते, कारण तिचे दाते आडवे, म्हणजे स्क्रू फिरतो त्याच दिशेने. ओसाकाच्या एका कंपनीने २००२ मध्ये यावर 'नेजीसॉरस' काढली. नेजी म्हणजे जपानीत स्क्रू, आणि सॉरस डायनासोरमधला! हिच्या टोकाला उभे दाते आहेत. ते डोक्याला कडेने चावतात, मग पिळायचं. बस्स. एका दुखण्यासाठी एक हत्यार. कंपनीचं नाव 'एंजिनिअर'. आपण कार्डावर मिरवतो तेच.

असली हत्यारं आपल्याकडेही होती, फक्त त्यांना नाव नव्हतं. माझे आजोबा परळला गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढचं तुम्हाला माहीत आहेच. त्यांची हत्यारांची पेटी लालबागच्या खोलीत अजून आहे. त्यात एक पक्कड आहे, कानशीने घासून चोच बारीक आणि किंचित वाकडी केलेली. मागाच्या कुठल्या कोपऱ्यात पोचायला? आता सांगणारं कुणी नाही. कमेंट न लिहिलेला कोड आणि लिहिणारा निघून गेलेला... आपल्याला हे नवीन नाही.

ओसाकात अडचणीला नाव मिळालं, मॉडेल नंबर मिळाला. परळमध्ये ती फिटरच्या हातातच राहिली आणि हाताबरोबर गेली.

असो. तुमच्या घरी अशी पेटी असेल आणि ती वापरणारं माणूसही असेल, तर या रविवारी एवढंच विचारा, "हे कशासाठी?" आणि लिहून ठेवा.