एका नावावर दोन बाप

मोडीची बारीक अक्षरे आता माझ्या डोळ्यांना पेलत नाहीत. भंडाऱ्यात माझ्याकडे मोडी शिकायला येणारी मुलगी वाचते, मी ऐकतो. परवा नागपूरकर भोसल्यांची दोन टाचणे समोर होती. एकात दुसरे रघुजी जानोजींच्या खाली, दुसऱ्यात मुधोजींच्या. ती म्हणाली, “काका, खरा बाप कोणता लिहू?”

याच प्रश्नाने माझी उमेदीची वर्षे खाल्ली. रघुजी मुधोजींचे औरस पुत्र. जानोजींना मूल नव्हते, म्हणून त्यांनी पुतण्यालाच वारस ठरवले. १७७२ मध्ये जानोजी वारले आणि मुधोजी व साबाजी हे भाऊ गादीपायी एकमेकांवर उठले. १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी पडले. त्या काळचा कागद हाती आला की तो कोणी, कशासाठी लिहवून घेतला हे मी आधी शोधतो. गादीचा हक्क सांगणारा जानोजींचे नाव घेतो, रक्ताचे नाते सांगणारा मुधोजींचे. दोघेही खरेच बोलतात. खोटा कागद पकडता येतो; दोन खऱ्या कागदांपुढे मात्र माणूस अडतो.

दत्तकात नावही पालटते. दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा १८१८ मध्ये तिसरा रघुजी झाला. घाईने नक्कल करणारा इथे नातवाला आजोबात मिसळतो, नाहीतर एका माणसाची दोन माणसे करतो. ११ डिसेंबर १८५३ रोजी हे तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक मानला नाही आणि भंडाऱ्यासह सारे राज्य खालसा झाले. ज्या रकान्यापायी राज्य गेले, तो मी अंदाजाने कसा भरू?

आमच्याकडच्या मालगुजार घराण्यांचेही तेच. इंग्रजी बंदोबस्तात गावाची मालकी ठरायची होती, तेव्हा थोरल्या पातीने दिलेल्या वंशावळीत धाकट्याचा वंश सापडेलच असे नाही. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, कागद उरले. स्कॉटलंडात वंशावळी नोंदवायला लॉर्ड लायनची कचेरी आहे. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या आणि पोवारांच्या भाटांच्या बह्या. भाटाला हसणारे पुष्कळ भेटतात. मला राग येतो तो एका संध्याकाळी वंशवृक्ष छापून देणाऱ्यांचा. न जुळणारे नाव ते गाळतात आणि गिऱ्हाईक खूश होते. हे जुळवणे नव्हे, पुरावा नष्ट करणे आहे.

तरी त्यांच्या मोहाची ओळख मलाही आहे. सरळ, एकेरी रेघांचा वृक्ष कोणी बैठकीत लावला आणि खाली माझी सही दिसली की मी सुखावतो. दुहेरी रेघेने चित्र विद्रूप होते. ते मला अजूनही खुपते.

मी त्या मुलीला दोन्ही बाप लिहायला सांगितले: रक्ताची रेघ सलग, दत्तकाची तुटक, आणि प्रत्येकीखाली कागदाचा हवाला. वाचन तिचे, रेघाही तिच्याच. खालच्या सहीवरचा माझा हक्क मात्र अजून सोडवत नाही.