रिपोर्टातला सत्तरचा आकडा

धाकटा दहावीत असताना त्याच्या गुडघ्याजवळ ऑस्टिओसार्कोमा निघाला. हाडाच्या या कॅन्सरमध्ये ऑपरेशनच्या आधीच केमो सुरू करतात. डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन, मेथोट्रेक्सेट. मेट्रोतली गर्दी टाळून आम्ही त्याला दिल्लीहून टॅक्सीने, डीएनडी फ्लायवेवरून नोएडाला घरी आणायचो. तोंड फोडांनी भरलेलं. वरणभातही गिळवत नसे.

मग पाय वाचवून गाठ काढली. हाड मऊ करून घेतल्याशिवाय त्याचे काप निघत नाहीत, त्यामुळे रिपोर्ट उशिरा आला. त्यात आम्हाला एकच गोष्ट पाहायची होती : केमोने गाठ किती मेली? 90 टक्के किंवा जास्त असेल, तर प्रतिसाद चांगला मानतात. आमच्या हाती 70 आले.

‘‘औषधं बदला ना,’’ मी म्हटलं. डॉक्टरांनी कागदावर पेशी काढली. काही पेशींच्या आवरणात पी-ग्लायकोप्रोटीन असतं; आत शिरलेलं डॉक्सोरुबिसिन ते बाहेर फेकतं. काही पेशी मेथोट्रेक्सेट आत नेणारं प्रथिनच कमी बनवतात. सिस्प्लॅटिनने बिघडवलेला डीएनए काही जणी दुरुस्त करून घेतात. अशा थोड्या पेशी गाठीत सुरुवातीपासूनही असू शकतात. बाकीच्या मेल्या की त्यांचं फावतं.

रात्री यवतमाळला फोन केला. आबांना वाटत होतं, पोराचं अंगच कमी पडलं. सगळं ऐकून म्हणाले, ‘‘मंग हे तं बोंडअळीवानीच झालं. बीटीनं बाकीच्या मारल्या, वाचल्या त्याईचीच पिलावळ वाढली.’’ कापूस पिकवणाऱ्याला आणखी काय समजवायचं?

औषधं वाढवून पाहण्याचा प्रयोग जगात झाला आहे. 17 देशांतल्या ‘युरामॉस-1’ चाचणीत, प्रतिसाद कमी असलेल्या काही रुग्णांना ऑपरेशननंतर इफॉस्फमाइड आणि इटोपोसाइडची जोड दिली. 2016 मध्ये निकाल छापून आला : फायदा दिसला नाही, त्रास मात्र वाढला. म्हणून डॉक्टरांनी तीच तीन औषधं पुरी करायला लावली. हा कॅन्सर पसरला तर बहुधा फुफ्फुसांत जातो, म्हणून आता छातीची तपासणी ठरल्या वेळी चुकवत नाही.

ओळखीचे अजून विचारतात, पथ्य चुकलं का? नाही. औषधाला दाद दिली नाही ती पेशींनी. पोराने सगळं सोसलं. आणि वाढत्या वयाच्या मुलाचा गुडघा आठवडेच्या आठवडे दुखत राहिला, रात्री झोपमोड करू लागला, सुजला, तर तेल चोळत बसू नका. आधी एक्स-रे काढा.