ड्रायर रुसतो तेव्हा

हैदराबादेत कपडे वाळविण्यासाठी यंत्र लागते, असे एप्रिल-मे महिन्यांत कोणी म्हणाला तर त्याच्या शहाणपणाविषयीच शंका यावी. त्या दिवसांत गच्चीवरील दोरीवर लुगड्याचा दुसरा पदर पसरेपर्यंत पहिला सुकू लागलेला असतो. परंतु मृगाच्या सरी आल्या, की हेच शहर निराळे होते. आभाळ चार-चार दिवस उघडत नाही, आणि काचीगुड्यातील आमच्यासारख्या बिऱ्हाडांतून खोल्याखोल्यांत दोऱ्या बांधून गणवेश टांगावे लागतात. अशा वेळी धुलाईयंत्रातील ड्रायर हा घरातील कर्ता पुरुषच होऊन बसतो. गेल्या श्रावणात आमच्या या कर्त्या पुरुषाने असहकार पुकारला.

वाचकांनी एक भेद ध्यानात घ्यावा. पाश्चात्त्य देशांत ड्रायर म्हणजे ऊन हवा सोडून कपडे पूर्ण कोरडे करणारी पेटी. आपल्याकडील दोन टाक्यांच्या यंत्रातला ड्रायर ऊब देत नाही. तो केवळ गरगरा फिरतो आणि पाणी भोकांवाटे बाहेर फेकतो. त्याचे पिंप मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेते. आम्ही भावंडांनी मोजपट्टी लावली, तेव्हा आतली त्रिज्या १२ सेंटीमीटर भरली. १,३५० फेरे धरून वर्गातील सूत्राने हिशेब केला, तर कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २४५ पट ओढ येते असे निघाले! हा आकडा पुढे कामास येणार आहे.

ड्रायर चालत नाही म्हटल्यावर घरात प्रत्येकाचे एक निदान तयार होते. आजीचे म्हणणे, वीज येते आहे. कारण कळ फिरविली की टिकटिक ऐकू येते. बाबांनी हसून सांगितले, की ही टिकटिक किल्लीच्या घड्याळासारखी आतल्या कमानीची असते. यंत्र भिंतीपासून तोडून अंगणात नेऊन ठेवले तरी ती ऐकू येईल. मग त्यांनी आम्हांला विचारले, "धुण्याची टाकी फिरते आहे ना?" ती फिरत होती. दोन्ही टाक्यांच्या मोटरी वेगळ्या, पण भिंतीकडे जाणारी दोरी एकच. म्हणजे प्लग, भिंतीतील सॉकेट, गावची वीज, सारे एका प्रश्नात निर्दोष ठरले. न्यायालयातही इतक्या झटपट सुटका होत नसेल.

दुसरा प्रश्न कानांचा होता. न चालणाऱ्या यंत्राचे दोन स्वभाव असतात. एक अगदी मुका. दुसरा नुसता घुमणारा. घुमतो पण फिरत नाही, तेव्हा वीज मोटरीपर्यंत पोचलेली असते आणि अडचण पुढे असते. एखादा हातरुमाल वा मोजा पिंपाच्या बाहेरच्या फटीतून खाली उतरून गुंडाळलेला असतो, किंवा ब्रेक सुटलेला नसतो, किंवा मिस्त्री ज्याला 'कंडेन्सर' म्हणतात तो कपॅसिटर निकामी झालेला असतो. घरगुती विजेवरील अशा मोटरीला स्वतःहून पहिले पाऊल टाकता येत नाही. तो धक्का कपॅसिटर देतो. हाच कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ वीज धरून राहू शकतो, म्हणून मागचा पत्रा उघडणे हे विद्यार्थ्यांचे काम नव्हे. आमचा ड्रायर मात्र मुका होता. त्यामुळे ही सारी मंडळी बाजूला राहिली आणि संशय वाटेतल्या तारांवर आला. हैदराबादेत उंदरांनी तारा कुरतडणे ही काही नवलाची गोष्ट नाही; पण यंत्राखाली कुरतडल्याचा चुरा नव्हता.

शेवटी चोर सापडला तो झाकणापाशी. आईने झाकणाचा मागचा कोपरा तळव्याने दाबला, आणि पिंपाने एक हिसका देऊन पुन्हा मौन धरले. झाकण मिटले की त्याचे एक बोट आतल्या स्विचला टेकते व वीज पुढे जाते. त्याच हालचालीने तार ओढली जाऊन ब्रेकही सुटतो. झाकण उघडताच वीज तुटते आणि ब्रेक बसतो. त्या स्विचच्या पात्या ओलीने गंजल्या होत्या.

मिस्त्री आला. त्याने पत्रा उघडून आमचे निदान बरोबर असल्याचे मान्य केले आणि म्हणाला, "डायरेक्ट कर देतूं अम्मा, बार बार का झंझटच नक्को." (हा 'च' आणि हा 'नक्को' दखनीने आपल्याच मराठीकडून घेतलेले आहेत, हे जाता जाता सांगावेसे वाटते.) डायरेक्ट करणे म्हणजे स्विच वगळून दोन तारा जोडून टाकणे. दहा मिनिटांचे काम. घरात चार ओले गणवेश होते, दुसऱ्या दिवशी सहामाही परीक्षा होती, आणि होकार आमच्या ओठांवर आलेला होता.

आजीने एकच विचारले, "मग झाकण उघडले तर हे थांबेल का?" मिस्त्रीने प्रामाणिकपणे सांगितले, की वीज चालूच राहील, ब्रेक आणि मोटर आपसांत झुंजतील, मोटर तापेल. आमचा धाकटा भाऊ चार वर्षांचा. पिंपात हात घालून भोके मोजणे हा त्याचा आवडता उद्योग. २४५ पट ओढीने फिरणाऱ्या ओल्या चादरीत इवले बोट अडकले तर काय होईल, याचा हिशेब आम्हांला कागदावर करावा लागला नाही. आजी म्हणाली, "मुलांनी ओल्या कपड्यांनी परीक्षा द्यावी, पण हे नको."

नवा स्विच कोठीजवळच्या ट्रूप बाजारातून यायला तीन दिवस लागले. तोवर आम्ही भावंडे चादरीची दोन टोके धरून ती पिळत होतो, आणि गणवेश इस्त्रीखाली वाफाळत होते. परीक्षेत बाहीचा दमटपणा पहिल्या तासापुरताच जाणवला.

चौथ्या दिवशी ड्रायर सुरू झाला. बाबांनी तो भर वेगात असताना झाकण उघडले व सर्वांना हात मागे घ्यावयास सांगितले. धाकट्याने शेजारच्या मुलांकडून शिकलेल्या तेलुगूत मोठ्याने मोजावयास प्रारंभ केला: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु... 'ऐदु' म्हणताना पिंप थांबले.